याकोबकाकांना दिलेला होकार

याकोबकाका, तुम्हाला पुरून आल्यावर जे जेवण झालं, त्यात तुमच्या गेमाइंडेतल्या, म्हणजे प्रार्थनामंडळातल्या, माणसांनी माझं अभिनंदन केलं. तुमची ही मंडळी मी चार वर्षं ओळखतो, म्हणजे दर रविवारी शेवटच्या रांगेत बसून त्यांच्या माना ओळखतो. त्या दिवशी त्या माना पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. एका आजींनी माझे दोन्ही गाल हातांत धरले आणि म्हणाल्या, आता तू आमचा भाऊ. मी बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊन उभा होतो आणि नेहमीसारखी मान हलवत होतो.

अभिनंदन कशाबद्दल, ते तुम्हाला ठाऊक आहे. जायच्या दोन दिवस आधी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी ‘हो’ म्हणालो. ते ‘हो’ खोटं होतं. तुम्हाला हे सांगायचं राहिलं, म्हणून लिहितोय. तुम्हाला न येणाऱ्या भाषेत लिहितोय, कारण जर्मनमध्ये मला फक्त अर्ज आणि तक्रारी लिहिता येतात. तिथे तुम्ही वर्षभरात मला तुमच्याशी अरेतुरे करायला लावलं होतंत. मराठीत मात्र वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ धजत नाही, त्यामुळे इथे तुम्ही ‘तुम्ही’च.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडे राहायला आलो ते नाइलाजाने. रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात मला नोकरी होती, पण तीन महिने शोधूनही शहरात वोनुंग, भाड्याचं घर, मिळेना. कुणीतरी सांगितलं, चेक सरहद्दीला लागून एक म्हातारा गुरंवाला आहे, वरचा मजला भाड्याने देतो, मात्र प्रवचन ऐकावं लागतं. मृणाल म्हणाली, पुण्यात तुझ्या मामांची ऐकतोच की. मी, मृणाल आणि पाच वर्षांची सई अशी आम्ही तिघं चार सूटकेसा घेऊन तुमचा जिना चढलो. कामाला जायला तास, यायला तास. दोन वर्षं काढू, मग शहरात जाऊ, असं ठरलं होतं.

पहिल्याच आठवड्यात लेनाकाकूंनी गुलाशचं, म्हणजे मांसाच्या रश्श्याचं, गरम भांडं वर आणून दिलं. ते गाईचं आहे हे मला वासावरूनच कळलं, आणि मी म्हणालो, वा, छान, आभारी आहे. आम्ही हे खात नाही, एवढं साधं वाक्य मला बोलता आलं नाही. मग दर बुधवारी गुलाश यायला लागलं आणि दर बुधवारी मी ते गोठ्यामागे नेऊन तुमच्या कुत्र्याला घालायला लागलो. महिन्याभरात कुत्रा गोल झाला आणि तुम्ही त्याला आळशी म्हणून रागवायला लागलात. शेवटी मृणालला पत्ता लागला. ती तशीच खाली गेली आणि तुम्हा दोघांना एका वाक्यात सांगून आली. तुम्ही इतके हसलात की वरपर्यंत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, तुझ्या बायकोचं काय ते कळतं; तुझं म्हणजे न हंबरणाऱ्या गाईसारखं, पोट दुखतंय की नाही ते आपणच ओळखायचं.

माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. मी त्या भिडेचा सख्खा भाऊ.

तुम्हीही एक घोटाळा केलात काका, कबूल करा. भारतातला माणूस म्हणजे त्याला गाईंचं कळणारच, असं तुम्ही गृहीत धरलंत. माझा गाईशी संबंध म्हणजे कोथरूडला देवळाबाहेर एक बाई गाय बांधून बसायच्या, त्यांच्याकडून पेंडी घेऊन लांबूनच तिच्यापुढे टाकायची आणि हात शर्टाला पुसायचे, एवढाच. पण पहिल्या वसंतात एका दुपारी तुमची गाय अडली, डॉक्टर तास तरी येणार नव्हता, आणि तुम्ही जिन्याखालून हाक मारलीत. मला यातलं काही येत नाही, हे सांगायला मी खाली उतरलो आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात दोरी होती. वासराचे पुढचे दोन पाय बांधले होते. ती कळ देईल तेव्हा ओढ, ती थांबली की थांब, असं तुम्ही सांगितलंत. वीस मिनिटांनी माझ्या ऑफिसच्या बुटांवर एक ओलं, वाफाळणारं वासरू पडलं. तुम्ही त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढलात, टोपी काढलीत आणि तिथेच मोठ्याने प्रार्थना केलीत. मला रडू आलं होतं. ते तुम्ही पाहिलंत आणि त्याचा अर्थ तुमच्या परीने लावलात. त्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी रोज प्रार्थना करत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

गावात तुम्हाला सगळे ‘रशियन’ म्हणायचे. सोव्हिएत काळी कझाकस्तानात तुम्हाला ‘जर्मन’ म्हणायचे, कारण पूर्वज जर्मन. तिथल्या माळावर तुम्ही घोड्यावर बसून सरकारी शेतीची गुरं राखलीत. तुमचे वडील चोरून प्रवचन करायचे, कारण सरकारला ते चालत नव्हतं, आणि त्यापायी ते तीन वर्षं तुरुंगात गेले. मग तुम्ही करायला लागलात. सराव करायला मैलोन् मैल माणूस नव्हता, तेव्हा तुम्ही गुरांपुढे प्रवचनं म्हणायचात. इथे औद्योगिक वसाहतीत, गालिच्यांच्या जुन्या गोदामात तुमची सभा भरते, तिथेही तुमचा आवाज त्या माळाचाच होता. पुढच्या रांगेतल्या बायका कानातली यंत्रं बारीक करायच्या. आणि मधूनच तुम्ही उगाच थांबायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, तिथे कळप पुढे सरकला की मला घोडा हाकावा लागायचा, ती सवय.

ती कालवड सरहद्द ओलांडून गेली तो शनिवार आठवतो? वरच्या कुरणाच्या टोकाला सरहद्दीचे पांढऱ्या डोक्याचे दगड आहेत. आपण दोघं कुंपणाची तार दुरुस्त करत होतो आणि ती खुशाल पलीकडे चेक देशात जाऊन चरत होती. आता तिथे कुणी पहारा करत नाही, सायकलवाले येतात जातात. मी सरळ पलीकडे गेलो. मागे वळून पाहिलं तर तुम्ही दगडापाशी उभे होतात आणि खिशात ओळखपत्र शोधत होतात. कालवड घेऊन परत आलो तेव्हा तुम्ही गवतात बसला होतात, आणि मला ती हरवलेल्या गाईची गोष्ट सांगितलीत.

एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला तिथे कारण लागायचं. प्रवचनाला जातो असं सांगणं म्हणजे तुरुंग. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही एक गाय मुद्दाम त्या दिशेला हाकलून द्यायचात. वाटेत कुणी अडवलं की सांगायचं, गाय हरवली आहे, शोधायला चाललोय. गाय खरंच हरवलेली असायची. तीन घरांत प्रवचन करून, चौथ्या दिवशी गाय घेऊन तुम्ही परत यायचात. सबंध आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही, असं तुम्ही मला अभिमानाने सांगितलंत.

मी म्हणालो, काका, हे खोटंच आहे. तुम्ही भडकलात.

“मी बोललो तो शब्दन् शब्द खरा होता,” तुम्ही म्हणालात. “त्यातून त्यांनी काय समजायचं ते त्यांचं.”

सात वर्षं आपण यावर भांडलो. कुंपण दुरुस्त करताना, गवताचे गठ्ठे रचताना, सूप पिताना. तुम्ही म्हणायचात, खोटं जिभेवर असतं. मी म्हणायचो, खोटं मनात असतं, जीभ नंतर येते. एकदा तुम्ही हातातला हातोडा फेकून घरी निघून गेला होतात आणि अर्ध्या तासाने ‘आल्झो, तर मग,’ म्हणत परत येऊन वाद जिथे सोडला तिथूनच सुरू केलात. मला मजा यायची. वाद घालताना मला ‘नाही’ म्हणता येतं. समोरचा माणूस जवळ येऊन काही मागतो, तेव्हाच ते घशात अडकतं.

म्हणूनच दुसऱ्या वादात मी कधी उतरलो नाही. तुझा विश्वास कशावर आहे, असं तुम्ही विचारायचात. मी म्हणायचो, आई पूजा करायची, मी दिवाळीला दिवा लावतो. ते तुझ्या आईचं झालं, तुझं सांग, असं तुम्ही म्हणायचात, आणि मला एकदम कुंपणाची बॅटरी तपासायची आठवण व्हायची. उत्तर माझ्याकडे होतं. मरणापलीकडे काही आहे असं मला वाटत नाही, कधीच वाटलं नाही. पण ज्याने त्या गोष्टीसाठी माळ तुडवला, त्याच्या तोंडावर हे कसं सांगायचं?

पाच वर्षांपूर्वी मृणाल सईला घेऊन पुण्याला गेली. तिच्या आईचं आजारपण हे कारण होतं आणि ते खरं होतं. पुढल्या वर्षी लेनाकाकू गेल्या. मग त्या मोठ्या घरात वर एक माणूस आणि खाली एक माणूस. संध्याकाळी सहाला तुम्ही झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायचात, म्हणजे जेवायला ये. मी भात-वरण घेऊन उतरायचो, तुम्ही भाकरीसारखा जाड काळा पाव कापायचात. या देशात मला कुणी विचारलं की तुझं इथे कोण आहे, तर मनात पहिलं नाव तुमचं यायचं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आपल्याकडे असलं कुणी बोलत नाही, आणि तुम्हीही बोलणाऱ्यांतले नव्हतात.

डोळे अधू झाले तेव्हा तुम्ही स्वतःहून लायसन्स परत केलंत. मग रविवारी तुम्हाला सभेला कोण नेणार? मी. आधी बाहेर गाडीत बसायचो. हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, आत ये, गारठशील. आत आलो. पहिल्या वर्षी कुणी विचारलं की सांगायचो, मी ड्रायव्हर. दुसऱ्या वर्षी कुणी विचारेनासं झालं. तुमच्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मोठ्या माणसाने स्वतः सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणायचं आणि मग त्याला आख्खं पाण्यात बुडवून बाहेर काढायचं. मी चार वर्षं गप्प बसलो होतो. त्या गप्पपणातून तुम्ही काय समजलात, ते तुमचं. काका, तुमचाच नियम मी तुमच्यावर चालवला.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही खालच्या कुरणातलं तळं साफ करायला काढलंत. गुरं तिथे पाणी पितात. शुक्रवार ते रविवार आपण गाळ काढला, पाणकणसं उपटली, काठावर सपाट दगड बसवले. मी म्हणालो, एवढे दगड कशाला, गुरं काय चपला घालून येणार आहेत? तुम्ही गालातल्या गालात हसलात. त्या रात्री माझी कंबर धरली ती आठवडाभर. तुम्ही तळं माझ्यासाठी साफ करत होतात, हे मला तुमच्या मुलीकडून, लिडियाकडून, कळलं, तुमच्या दफनाच्या दिवशी. तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा माळावरच्या गुरांच्या पाणवठ्यात झाला होता. माझाही तसाच व्हावा, अशी तुमची इच्छा होती.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी लिडिया कॉफी आणायला गेली. तुमचा तो मोठा आवाज संपलेला होता. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, “वर भेटशील ना मला?”

मी म्हणालो, “हो.”

“नीट सांग.”

“हो, याकोब. भेटेन.”

तुम्ही डोळे मिटलेत. इतका वेळ घट्ट धरलेला हात सैल पडला. लिडिया आल्यावर तिला म्हणालात, हा हो म्हणाला, आता माझं काही करायचं राहिलं नाही. दोन दिवसांनी मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

तेव्हा मला वाटलं, मी चांगलं केलं. मरणाऱ्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणतं? पण जेवणाच्या वेळी तुमच्या मंडळाचे प्रमुख व्हिक्टर माझ्यापाशी आले आणि सांगितलं, याकोबच्या स्मरणार्थ फिंग्स्टेनच्या सणाच्या सोमवारी तुझा बाप्तिस्मा, त्यांच्याच तळ्यात. सगळं ठरलं आहे, तू फक्त पांढरे कपडे आण. मी म्हणालो, गेनाऊ, अगदी बरोबर. गेनाऊ! जन्मभर मान हलवून मी इथवर आलो होतो.

मृणालला फोन केला. दोन आठवडे मी कुणाशी हे बोललो नव्हतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, उतरू का पाण्यात? अर्ध्या मिनिटाचं तर काम आहे, म्हातारा सुखावेल.

“म्हातारा गेला,” ती म्हणाली. “आता कुणाला सुखवतोयस? पाच वर्षं मी विचारतेय, परत येणार का. पाच वर्षं तू हो म्हणतोयस. तू नाही म्हणाला असतास ना, तर मी निदान भांडले असते.”

मग ती सईच्या शाळेचं काहीतरी बोलत राहिली. माझं लक्ष नव्हतं. ‘भांडले असते’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून हलेनात.

पुढच्या रविवारी मी एकटाच सभेला गेलो. तुमच्या सभेत एक वेळ अशी असते की ज्याला काही सांगायचं आहे त्याने उठावं. मी उठलो. मी म्हणालो, मी याकोबला हो म्हणालो, ते खोटं होतं. माझा तसा विश्वास नाही. मी बाप्तिस्मा घेणार नाही. त्यांना दुखवायचं धैर्य नव्हतं म्हणून खोटं बोललो. एवढंच. माझं जर्मन इतकं स्वच्छ याआधी कधी आलं नव्हतं.

कुणी ओरडलं नाही. गाल धरणाऱ्या आजी खाली बघत होत्या. व्हिक्टरनी विचारलं, त्यांना हे माहीत होतं का? मी म्हणालो, नाही. मग ते शांतपणे म्हणाले, म्हणजे ते खोट्यावर विश्वास ठेवून गेले. मी म्हणालो, हो. त्या दिवसातलं माझं ते एकच ‘हो’, आणि ते खरं होतं. मग त्यांनी पुढचं गाणं सांगितलं, सगळे उभे राहिले आणि मी बाहेर आलो. लिडिया पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. फिंग्स्टेन होऊन गेलं. फोन कुणाचा नाही. लिडिया गुरं विकतेय; गुरुवारी ट्रक येणार आहे. मीही घर शोधतोय, यावेळी शहरात. सहा वाजले की मी अजून वर पाटावर ताट मांडून दांड्याचा आवाज यायची वाट बघतो आणि मग गार झालेला भात खातो. वरून खालपर्यंत आख्ख्या घरात मी एकटा आहे. इतकं एकटं मला मृणाल गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा खाली तुम्ही होतात.

इतके दिवस मला वाटत होतं की तुम्हाला फसवलं हा माझा गुन्हा. आता वाटतं, गुन्हा वेगळाच आहे. आयुष्यभर ज्या माणसाने गाय हाकलत हाकलत वस्त्या गाठल्या आणि एकेका माणसाशी वाद घातला, त्याच्याशी मी त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीवर एकदाही भांडलो नाही. कुंपणाशेजारी उभं राहून अकरा वर्षं टाळत राहिलो. आणि शेवटी, अंगात दोन दिवसांचा जीव होता तेव्हा तुम्ही विचारलंत, आणि मी तुम्हाला लहान मुलासारखं समजावून झोपवलं. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर तुम्ही उठून बसला असतात. मला माहीत आहे, नळ्या ओढत उठला असतात. नर्स धावत आली असती. कदाचित तुम्ही मला तिथे जिंकलंही असतंत, कुणी सांगावं. ते भांडण तुमच्या हक्काचं होतं आणि मी ते तुम्हाला मिळू दिलं नाही.

तर काका, पुन्हा विचारलंत असं धरतो. लिडिया कॉफी आणायला गेली आहे, आपण दोघंच आहोत, माझं मनगट तुमच्या हातात आहे.

नाही, याकोबकाका. वर काही नाही. आपण पुन्हा भेटणार नाही.

आता बोला.